आयडीईतूनच लाइव्ह डेटाबेस सांभाळता का? कुठवर?

खाजनकाठ · मंगळवार, दुपारी 3:22

मंडळी, घाईत लिहितोय. मदत हवी आहे आणि एक प्रश्नही आहे.

मी फोंड्याला असतो, एकट्यानेच कामं घेतो. तीन वर्षांपासून एका देवस्थानचा प्रोग्राम माझ्याकडे आहे. अभिषेकाच्या पावत्या, अग्रशाळेतल्या (देवस्थानच्या भक्तनिवासातल्या) खोल्यांचं बुकिंग, कुळाव्यांची (देवस्थानाशी जोडलेल्या कुटुंबांची) यादी, असं सगळं त्यात. जावा, आणि मागे मायएसक्यूएल 8. सर्व्हर म्हणजे देवस्थानच्या कचेरीतलं एक उबुंटूचं मशीन. मी घरून एसएसएच टनेल (त्या मशीनपर्यंतची सुरक्षित वाट) लावून काम करतो.

माझ्या आयडीईत (कोड लिहायच्या प्रोग्रामात) डेटाबेसची दोन कनेक्शन्स शेजारी शेजारी आहेत, एक लॅपटॉपवरच्या सर्व्हरचं आणि एक कचेरीतल्या. वर कोड, खाली पॅनेलमध्ये टेबलं, खिडकी न बदलता सगळं हाताशी. दिवसातून वीस वेळा तरी मी कचेरीच्या, म्हणजे लाइव्ह (रोजच्या वापरातल्या) डेटात डोकावतो.

आज दुपारी एक बुकिंग रद्द करायचं होतं. दोन ओळींची क्वेरी लिहिली:

अपडेट बुकिंग सेट स्थिती = 3
व्हेअर बुकिंग_क्र = 2207

माउसने निवडताना पहिलीच ओळ निवडली गेली, व्हेअरची अट राहिली, आणि मी चालवली. खाली उत्तर आलं, 1318 ओळी. ऑटो-कमिट चालू होतं, म्हणजे बदल लगेच कायमचा झाला. म्हणजे अग्रशाळेची या वर्षीची सगळी बुकिंग्ज 'रद्द' झाली. 1 म्हणजे पक्कं, 2 म्हणजे पैसे बाकी, 3 म्हणजे रद्द. कुठलं 1 होतं आणि कुठलं 2, हे दुसऱ्या कुठल्याही टेबलावरून काढता येत नाही. जत्रा जवळ आलीय. मुंबई, कारवार, बेळगावहून लोक येतात.

आयडीईचं नाव लिहीत नाही कारण चूक तिची नाही. मजकूर निवडलेला असेल तर तेवढाच चालवायचा, हे बहुतेक सगळ्या साधनांत असंच आहे.

काउंटरवरच्या बाईंना फोन करून नवीन बुकिंग थांबवलंय. रात्री 2 वाजताचा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) आहे, पण तो चढवला तर सकाळपासूनची बुकिंग्ज आणि पावत्या जातील. काय करू?

तेरेखोल · मंगळवार, दुपारी 3:31

काउंटर थांबवलंत हे फार बरं केलंत. आता डंप चढवू नका, आणि त्या टेबलावर काही चालवूही नका.

मायएसक्यूएल 8 मध्ये बायनरी लॉग (डेटात झालेल्या बदलांची नोंद) मुळातच चालू असतो आणि तो 30 दिवस ठेवला जातो. कुणी मुद्दाम बंद केला नसेल तर तुमच्याकडे आहेच. 'शो बायनरी लॉग्ज' चालवा. त्याचा साचा 'रो' असतो, म्हणजे बदललेल्या प्रत्येक ओळीची आधीची आणि नंतरची अशा दोन्ही किमती त्यात असतात. तुमचं 1 आणि 2 तिथे लिहिलेलं आहे.

सर्व्हरच्या टर्मिनलवर जा. मायएसक्यूएलबिनलॉग हा प्रोग्राम 'डीकोड-रोज' आणि व्हर्बोज पर्याय देऊन चालवा, आजची 3 ते 3:20 एवढीच वेळ घाला, आणि निघेल ते एका फाइलीत साठवा. हे आयडीईतून होत नाही.

खाजनकाठ · मंगळवार, दुपारी 3:58

काका, सापडलं. लॉग चालू आहे. फाइलीत असं दिसतंय:

### अपडेट `बुकिंग`
### व्हेअर
###   @1=1041
###   @6=2
### सेट
###   @1=1041
###   @6=3

(मधले कॉलम इथे गाळलेत.) कॉलमांची नावं नाहीत, नुसते आकडे. @1 म्हणजे बुकिंग क्रमांक आणि @6 म्हणजे स्थिती. बुकिंग 1041 चे पैसे बाकी होते हे इथे स्पष्ट दिसतंय.

पण एक गोष्ट जुळत नाही. आयडीईने 1318 सांगितले, आणि इथे मोजल्या तर 1187 ओळी आहेत. उरलेल्या 131 कुठे गेल्या?

तेरेखोल · मंगळवार, दुपारी 4:06

कुठेही गेलेल्या नाहीत. त्या 131 आधीच रद्द होत्या. 3 चं 3 करणं हा मायएसक्यूएलच्या लेखी बदलच नव्हे, म्हणून लॉगमध्ये नोंद नाही. जावाचा ड्रायव्हर (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा भाग) मुळात 'जुळलेल्या' ओळींचा आकडा देतो, 'बदललेल्या' ओळींचा नाही. तोच आकडा तुमच्या पॅनेलमध्ये दिसला. रात्रीच्या डंपात किती रद्द होत्या ते मोजून बघा. आजच्या दिवसात काउंटरवर रद्द झालेली धरून 131 व्हायला हव्यात.

माटोळी · मंगळवार, दुपारी 4:11

काकांच्या बोलण्यात एक भर घालते. ती फाइल हातात आली म्हणून लगेच लाइव्हवर उलटी क्वेरी चालवू नका. आधी लॅपटॉपवर एक वेगळा डेटाबेस करून रात्रीचा डंप त्यात चढवा. लॉगमधून क्रमांक आणि जुनी स्थिती असे दोनच कॉलम काढून त्यांचं वेगळं टेबल करा, आणि डंपातल्या स्थितीशी ताडून बघा. आज सकाळी बदललेली सोडून बाकी सगळी जुळलीच पाहिजेत. जुळली की मगच कचेरीच्या सर्व्हरवर जा, आणि तिथेही ट्रान्झॅक्शन सुरू करून, म्हणजे कमिट करेपर्यंत सगळं मागे घेता येतं. 2207 मात्र वगळा, ते खरंच रद्द करायचं होतं!

पावसाळी_अळंबी · मंगळवार, दुपारी 4:40

वाचूनच पोटात गोळा आला. सर, झालं की नक्की लिहा.

खाजनकाठ · मंगळवार, संध्याकाळी 7:15

झालं. देव बरें करूं, तेरेखोल काका आणि माटोळी.

डंपात 128 रद्द होत्या आणि आज सकाळी काउंटरवर 3 झाल्या होत्या, म्हणजे बरोबर 131. लॉगमधल्या 1187 पैकी 1179 ची जुनी स्थिती डंपाशी तंतोतंत जुळली. उरलेल्या 8 मधल्या 6 आजच घेतलेल्या नव्या होत्या आणि 2 चे पैसे आज भरले होते. त्या आठही बाईंच्या वहीशी पडताळल्या. पावणेसातला लाइव्हवर 1186 ओळी परत फिरवल्या, एकेका स्थितीची बेरीज बघितली आणि मगच कमिट केलं. बाई कचेरी बंद करायचं सोडून थांबल्या होत्या.

आता प्रश्नाकडे येतो. माझा एक मित्र म्हणतो, लाइव्हचं कनेक्शन आयडीईतून काढूनच टाक. मला ते जमेल असं वाटत नाही. तुम्ही कसं करता?

म्हापशेकार · मंगळवार, रात्री 9:02

मित्राचं ऐका. माझ्या आयडीईत फक्त लॅपटॉपवरचा सर्व्हर असतो. लाइव्हवर जायचं तर टर्मिनल उघडायचं, एसएसएच करायचं, पासवर्ड घालायचा. त्या दोन मिनिटांत माणूस काय करतोय ते त्याला कळतं. आयडीईत लाइव्ह आणि लोकल यांच्यात फक्त माउसचं एक क्लिक असतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात शेजारी शेजारी दोन बायका एकाच रंगाची मिरची घेऊन बसतात, तशी ती दोन कनेक्शन्स. घरी जाऊन फोडणीत घालेपर्यंत कुठली तिखट ते कळत नाही.

माटोळी · मंगळवार, रात्री 9:40

मी सहमत नाही, म्हापशेकार. टर्मिनलवर अर्धी क्वेरी एंटर झालेली मी पाहिली आहे, आणि तिथे तर रंगही नसतो. शिवाय लाइव्ह डेटा न बघता दुरुस्ती करणं म्हणजे अंदाजाने काम.

पर्वरीला आम्ही पाच जण एकाच उत्पादनावर काम करतो आणि पाचही जणांच्या आयडीईत लाइव्हचं कनेक्शन आहे. पण त्या कनेक्शनचा सर्व्हरवरचा वापरकर्ता वेगळा, आणि त्याला फक्त 'सिलेक्ट'ची परवानगी. अख्ख्या टेबलाचं अपडेट लिहून चालवलं तरी सर्व्हर नाही म्हणतो.

रंगही लावतो. डीबीव्हर या डेटाबेसच्या साधनात कनेक्शनला डेव्हलपमेंट, टेस्ट, प्रॉडक्शन असा प्रकार देता येतो आणि प्रॉडक्शनचा एडिटर लालसर होतो. इंटेलिजे आणि डेटाग्रिपमध्येही डेटा सोर्सला रंग देता येतो, 'रीड-ओन्ली'ची खूणही करता येते. व्हेअर नसलेलं अपडेट किंवा डिलीट असेल तर ही साधनं आधी विचारतात. पण ही सगळी आपल्या बाजूची सोय झाली. उद्या नवा लॅपटॉप घेतला, सेटिंग करायचं राहिलं, की गेली. परवानगी सर्व्हरवर राहते.

रापण · मंगळवार, रात्री 10:15

+1 माटोळी. वाचनखूण साठवली.

डीबीव्हरवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. त्यात रिकामी ओळ म्हणजे क्वेरीचा शेवट असं मानणारं एक सेटिंग आहे. काही न निवडता कंट्रोल-एंटर दाबलं तर कर्सरखालची क्वेरी चालते, पण सेट आणि व्हेअर यांच्यामध्ये वाचायला बरं म्हणून एक ओळ मोकळी सोडली असेल तर 'कर्सरखालची क्वेरी' तिथेच संपू शकते. तुमच्या सेटिंगमध्ये काय आहे ते आत्ताच बघून घ्या.

पावसाळी_अळंबी · बुधवार, सकाळी 8:20

माझा प्रश्न याच्यासमोर फार लहान आहे, पण विषय आयडीईचाच आहे म्हणून इथेच विचारते. मी फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकते. नेटबीन्समध्ये सर्व्हिसेस टॅबखाली मायएसक्यूएल सर्व्हर दिसतो. त्यावर राइट क्लिक करून 'स्टार्ट' म्हटलं तर कधी चालतो, कधी नाही. एक्झॅम्प (वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र बसवणारं पॅकेज) असलं तर अजूनच गोंधळ. पावसात लाईट गेली की सगळं परत पहिल्यापासून करावं लागतं.

तेरेखोल · बुधवार, सकाळी 9:05

लहान कसला, सगळे तिथूनच गेलेत. राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, तिथे ॲडमिन प्रॉपर्टीज असा टॅब आहे. सुरू करायची कमांड, बंद करायची कमांड आणि ॲडमिनचं साधन, या तिघांचे रस्ते तिथे भरायचे असतात. नेटबीन्सकडे स्वतःचं मायएसक्यूएल नसतं. तुम्ही जो रस्ता भराल तो प्रोग्राम ते चालवतं, एवढंच. बंद करायला मायएसक्यूएलॲडमिन 'शटडाउन' देऊन भरायचं.

आता गोंधळाचं. एक्झॅम्पचा मायएसक्यूएल (खरं तर त्यात आता मारियाडीबी असतं) आणि विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये बसलेला मायएसक्यूएल, दोघांनाही 3306 हाच पोर्ट हवा असतो. विंडोज सुरू होताना सर्व्हिस आधी उठते आणि पोर्ट धरून बसते, मग दुसऱ्याला तो मिळत नाही. याहून वाईट म्हणजे कधी कधी नेटबीन्स जोडलं जातं, पण भलत्याच सर्व्हरला, आणि तुम्ही 'माझी टेबलं कुठे गेली' म्हणून शोधत बसता. नेटस्टॅट चालवून 3306 वर कुठला प्रोसेस बसलाय तो क्रमांक बघा आणि टास्क मॅनेजरमध्ये तोच क्रमांक शोधा. दोघांपैकी एकच ठेवा, किंवा एकाला 3307 द्या.

लाईट गेल्याचं फार मनाला लावून घेऊ नका. इनोडीबी (मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग) परत उठताना स्वतःचा लॉग वाचून अर्धवट राहिलेलं निस्तरतो. सुरू व्हायला थोडा वेळ लागला म्हणून मधेच परत मारू नका.

पावसाळी_अळंबी · बुधवार, सकाळी 9:50

3306 वर सर्व्हिसच बसली होती! दोन महिने मी दोन वेगवेगळ्या सर्व्हरांत टेबलं करत होते. आता कळलं. थँक्यू काका.

खाजनकाठ · बुधवार, सकाळी 11:30

माटोळी म्हणते तसा सिलेक्टपुरता वापरकर्ता करायला बसलो. आजवर मी आयडीईत जो वापरत होतो त्याला सगळ्या परवानग्या होत्या, ड्रॉपसकट. तीन वर्षांपूर्वी घाईत केला होता.

आधी वाटलं, रूटने आयडीईतूनच आत जाऊन नवा वापरकर्ता करावा. पण रूटला 'ॲक्सेस डिनाइड', क्रमांक 1698. पासवर्ड बरोबर असूनही. नेटवर वाचलं की रूटचं ऑथेंटिकेशन बदलून पासवर्डवर आणायचं. तसं करू?

तेरेखोल · बुधवार, दुपारी 12:10

नको, नको. कृपा करून तसं करू नका.

उबुंटूवर मायएसक्यूएलचा रूट 'ऑथ सॉकेट'ने आत जातो. त्याच मशीनवर तुम्ही लिनक्सचे रूट असाल तर तो पासवर्ड न विचारता आत घेतो, दुसऱ्या कुणालाही नाही. जावाचा ड्रायव्हर सॉकेटने जात नाही, टीसीपीने (नेटवर्कच्या वाटेने) जातो, म्हणून तुमचा पासवर्ड कितीही बरोबर असला तरी तो नाहीच म्हणणार. ही अडचण नव्हे, कुलूप आहे. नेटवरचा तो सल्ला लोक कॉपी करतात, आणि मग त्यांच्या सर्व्हरांचे रूट नुसत्या पासवर्डने उघडतात.

मशीनवर एसएसएच करा, सुडोने मायएसक्यूएल उघडा आणि तिथून दोन वापरकर्ते करा. एकाला फक्त सिलेक्ट. दुसऱ्याला सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट. ड्रॉप, ऑल्टर, डिलीट दोघांनाही नाही. तुम्ही टनेलमधून येता, म्हणजे सर्व्हरला तुम्ही लोकलहोस्टवरूनच आलेले दिसता. वापरकर्त्याचा होस्ट तोच ठेवा, टक्क्याचं चिन्ह लावून सगळं जग आत घेऊ नका.

दुसऱ्या वापरकर्त्याच्या कनेक्शनला यूआरएलमध्येच सेशन व्हेरिएबल देऊन 'एसक्यूएल सेफ अपडेट्स' चालू करा. मग व्हेअरमध्ये की असलेला कॉलम नसेल आणि लिमिटही नसेल, तर सर्व्हर 1175 देऊन अपडेट नाकारतो. तुमची कालची ओळ तिथेच अडली असती.

म्हापशेकार · बुधवार, दुपारी 1:00

हे मान्य. सिलेक्टपुरता असेल तर माझा विरोध नाही. मीही करून बघतो.

खाजनकाठ · शुक्रवार, दुपारी 3:05

आज पुन्हा एक झालं, आणि तेही सावधगिरीमुळे. सविस्तर लिहितो, कारण मंगळवारनंतर बऱ्याच जणांनी व्यनि (खाजगी निरोप) करून 'मीही आता ऑटो-कमिट बंद केलं' असं कळवलंय.

मीही लिहिण्याच्या वापरकर्त्याचं ऑटो-कमिट बंद केलं होतं. दुपारी साडेबाराला बुकिंग 2231 ची खोली बदलली, कारण घरात आजारी म्हातारं माणूस असलेल्यांना तळमजला हवा होता. एक ओळ बदलली असं दिसलं, बघून समाधान झालं, आणि कमिट न करताच लॅपटॉप झाकून जेवायला गेलो.

दोनला बाईंचा फोन. त्याच कुटुंबाने फोन करून पैसे भरले होते आणि बाई 2231 ला 'पक्कं' करत होत्या. पानावर चाक फिरत राहायचं, सुमारे मिनिटभराने एरर यायचा. त्यांनी चारदा केलं. तिकडे ते कुटुंब फोनवर थांबलेलं.

तेरेखोल · शुक्रवार, दुपारी 3:20

1205 आला असेल, 'लॉक वेट टाइमआउट'. इनोडीबी दुसऱ्याने धरलेल्या ओळीसाठी मुळात 50 सेकंद थांबतो आणि मग नाही म्हणतो. ओळ तुमच्या झाकलेल्या लॅपटॉपने धरली होती. झाकण लावलं म्हणून सर्व्हरला तुम्ही गेल्याचं कळतंच असं नाही. काहीही न करता बसलेल्या सेशनला तो मुळात 28800 सेकंद, म्हणजे 8 तास ठेवतो.

परत असं झालं तर सर्व्हरवर 'सिस' या डेटाबेसमध्ये 'इनोडीबी लॉक वेट्स' नावाचा व्ह्यू आहे. कोण कुणासाठी थांबलंय, कुठली क्वेरी, किती वेळापासून, सगळं एका ओळीत मिळतं. अडवणाऱ्याला मारायची 'किल' कमांडसुद्धा तयार करून एका कॉलममध्ये ठेवलेली असते.

आणि एक सांगतो. ऑटो-कमिट बंद असताना नुसतं वाचणाऱ्यालाही त्रास आहे. मायएसक्यूएलची मूळ पातळी 'रिपीटेबल रीड'. पहिलं सिलेक्ट केलंत त्या क्षणीचं चित्र कमिट किंवा रोलबॅक (बदल मागे घेणं) करेपर्यंत तसंच राहतं. काउंटरवर नवीन बुकिंग होतं, तुम्ही पॅनेलमध्ये दहा वेळा रिफ्रेश करता, आणि ते दिसत नाही. म्हणून वाचायच्या कनेक्शनला ऑटो-कमिट चालूच ठेवा. बंद ठेवायचं ते फक्त लिहायच्या कनेक्शनला, आणि ते कनेक्शन काम झालं की तोडायचं.

रापण · शुक्रवार, संध्याकाळी 5:45

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी थोडं. आमच्याकडे 'आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट' असं सेटिंग आहे, 9.6 पासून. ते एका वापरकर्त्यापुरतंही लावता येतं. आमच्या आयडीईच्या वापरकर्त्याला 5 मिनिटं आहेत. कमिट न करता कुणी चहाला गेला तर सर्व्हर ट्रान्झॅक्शन गुंडाळून सेशन तोडतो. शिवाय 'स्टेटमेंट टाइमआउट' 30 सेकंद, म्हणजे चुकून लिहिलेल्या जॉइनने सर्व्हर तासभर दमत नाही.

आणि मायएसक्यूएलवाल्यांनो, ऑटो-कमिट बंद आहे म्हणून 'ड्रॉप टेबल' किंवा 'ऑल्टर टेबल' परत फिरवता येईल असं समजू नका. तिथे अशी कमांड आली की आधीचं सगळं आपोआप कमिट होतं. पोस्टग्रेसमध्ये टेबलाची रचना बदलणंही रोलबॅक करता येतं. दोन्ही वापरणाऱ्यांची इथेच फसगत होते.

पावसाळी_अळंबी · शुक्रवार, रात्री 8:10

अजून एक विचारू का? कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये जोडणी करताना ड्रायव्हर म्हणतो, सर्व्हरचा टाइमझोन 'आयएसटी' ओळखता येत नाही किंवा त्याचे एकापेक्षा जास्त अर्थ होतात. नेटवर सापडलं ते यूआरएलमध्ये घातलं, सर्व्हर टाइमझोन यूटीसी. एरर गेला.

खाजनकाठ · शुक्रवार, रात्री 8:35

अळंबी, तो बदल आत्ताच काढ! हे मी पहिल्या वर्षी भोगलंय.

आयएसटी म्हणजे आपली वेळ, इस्रायलची वेळ आणि आयर्लंडचीही, म्हणून ड्रायव्हर अडतो. यूटीसी घातलंस की तो गप्प बसतो, पण लिहिताना प्रत्येक वेळेतून साडेपाच तास वजा करतो आणि वाचताना परत मिळवतो. प्रोग्रामच्या पानावर सगळं बरोबरच दिसतं. माझ्याकडे सोमवारी पहाटे 5 चा अभिषेक टेबलात रविवारी रात्री 11:30 ला जाऊन बसला होता. रोजची यादी थेट टेबलावरून छापायची क्वेरी वेगळी होती, तीत तो अभिषेक आदल्या दिवशी निघाला. भटजी तयार, यजमान दारात, आणि यादीत नाव नाही. आयडीईच्या पॅनेलमध्ये ती 11:30 ची ओळ दिसली म्हणून मला कारण सापडलं, नाहीतर मी प्रोग्राममध्येच शोधत बसलो असतो.

यूआरएलमध्ये 'एशिया/कोलकाता' घाल. पॅनेलच्या कनेक्शनलाही आणि प्रोग्रामलाही तेच.

माटोळी · शनिवार, सकाळी 10:00

खाजनकाठ, तुमच्या पहिल्या पोस्टमधली एक गोष्ट मला मंगळवारपासून टोचतेय. तुम्ही म्हणालात, दिवसातून वीस वेळा लाइव्ह डेटात जाता. आम्ही पाच जण मिळूनही इतके जात नाही. बुकिंग रद्द करायला, खोली बदलायला तुम्हाला पॅनेल का लागतं? ते प्रोग्राममध्ये नाही का?

एक करा. आठवडाभर जेव्हा जेव्हा पॅनेल उघडाल तेव्हा कशासाठी ते वहीत लिहा. बघण्यासाठी की बदलण्यासाठी, आणि कुणी सांगितलं म्हणून. मग बोलू.

खाजनकाठ · पुढचा रविवार, सकाळी 9:30

माटोळी, वही ठेवली. आठ दिवसांत 94 नोंदी. त्यातल्या 61 नुसतं बघायला, म्हणजे एखाद्या यजमानाची पावती का निघाली नाही, अमुक दिवशी किती खोल्या रिकाम्या, असलं. ते सगळं सिलेक्टच्या वापरकर्त्याने होतं, आणि बिनधास्त होतं.

उरलेल्या 33 बदलायच्या. त्यातल्या 30 तीनच कामांच्या निघाल्या. पैसे भरल्यानंतर बुकिंग रद्द करणं, खोलीची अदलाबदल, आणि नावातली चूक दुरुस्त करणं. कुणी आडनाव नुसतं 'पै' लिहितं, कुणी 'पै' पहिलं आडनाव करून पुढे दुसरं जोडतं. या तिन्हींसाठी प्रोग्राममध्ये पानच नव्हतं. पहिल्या वर्षी मी बाईंना म्हटलं होतं, 'असं काही आलं तर मला फोन करा, मी आतून करतो.' तीन वर्षं त्या फोन करत होत्या आणि मी आतून करत होतो.

तिन्ही पानं या आठवड्यात लिहिली, लॅपटॉपवरच्या प्रतीवर तपासली आणि गुरुवारी चढवली. बुकिंग क्रमांक घातल्याशिवाय ती पुढे जातच नाहीत, आणि कुणी काय बदललं त्याची नोंद वेगळ्या टेबलात पडते. गुरुवारपासून लिहायचं कनेक्शन मी एकदाही उघडलेलं नाही.

मंगळवारची ती अर्धी ओळ काल मुद्दाम लाइव्हच्या पॅनेलमध्ये चिकटवून चालवली. तिथे आता सिलेक्टचाच वापरकर्ता आहे. उत्तर आलं 1142, या टेबलावर अपडेटची परवानगी नाही. तरी बोट दाबताना हात थरथरला, खरं सांगतो.

तेरेखोल · पुढचा रविवार, सकाळी 10:12

उत्तम. आता रात्रीचा डंप महिन्यातून एकदा तरी लॅपटॉपवर चढवून बघत जा. आणि डंप घेताना बायनरी लॉगमधली जागा त्यात लिहिली जाते का ते पर्यायांत तपासा, म्हणजे पुढच्या वेळी लॉग कुठून वाचायचा हे घड्याळ बघून ठरवावं लागणार नाही.

खाजनकाठ · पुढचा रविवार, सकाळी 11:00

आजच करतो, काका. जत्रेआधी.

बाईंनी एक सुचवलंय. रद्द करायच्या पानावर क्रमांकाबरोबर यजमानाचं पूर्ण नाव आणि गाव मोठ्या अक्षरांत दाखवा, कारण जत्रेला एकाच आडनावाची पाच-पाच कुटुंबं एकाच दिवशी येतात आणि फोनवर ऐकलेला क्रमांक चुकू शकतो. ते पान आत्ता उघडूनच बसलोय.